बोरीच्या पाल्याचं पाणी

आमच्या मानवतमध्ये मुसलमानाच्या घरात बाई गेली, की आम्हा दोघींना बोलावणं यायचं. बोलावणं कसलं, दारात कुणीतरी येऊन उभं राहायचं आणि नुसतं आमच्याकडं बघायचं. आपा लगेच म्हणायची, "चला, पानी ठेवा म्हनावं." आपा म्हणजे माझी मैत्रीण. वयानं मोठी, म्हणून आपा. ती जिनिंगमध्ये कापूस निवडायची आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. आमचं आपसातलं बोलणं दखनी उर्दूतलं. इथं मराठीत लिहितेय, कारण मला लिहायला तीच येते. आपाला अक्षरओळख नव्हती. शिकवते म्हटलं तर हसायची. "कबरीत फरिश्ते सवाल विचारनार ते तोंडीच विचारनार की गं. लेखी परीक्षा थोडीच हाय?"

मय्यतीला, म्हणजे प्रेताला, हात लावायला मला तिनं शिकवलं. पहिल्यांदा माझ्या हातून लोटाच खाली पडला. आपा रागावली नाही. तिनं गेलेल्या बाईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "बेटा, ही नवीन हाय, हिला माफ कर." मग मला म्हणाली, "लहान लेकराला कसं न्हाऊ घालतीस, तसंच घाल. पानी अंगावर टाकू नको, सोड."

आमचं काम कमिटीचं. कमिटी म्हणजे गावातल्या लोकांनी चालवलेली मय्यत कमिटी. गरिबाच्या घरी कफन पोचवायचं, कबर खोदायची, न्हाऊ घालायचा लाकडी तख्ता पाठवायचा, सगळं फुकट. बायकांची मय्यत आम्ही बायका घालायचो. अंगणात चादरी धरून आडोसा करायचा, बोरीचा पाला टाकून पाणी उकळायचं, मग कोमट करून घ्यायचं. शेवटच्या पाण्यात कापूर. आणि एक नियम फार कडक होता. त्या चादरीच्या आत जे दिसलं, ते चादरीतच राहायचं. किती बायकांच्या पाठीवर काय काय बघितलं मी! घरोघरचे मोठे मोठे लोक नंतर रस्त्यात भेटायचे, "सलाम टीचर" म्हणायचे. तोंडावर आलेलं गिळायचं. आपा म्हणायची, "आपल्याला दिसलं ना, वरच्याला बी दिसलंय. तू कशाला बोलतीस."

जिनिंगच्या कामानं तिच्या अंगात तंतू भरलेले असायचे. केसात, कानात, भुवयांवर. खोकताना छाती वाजायची आणि अंगाला सदा खाज. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून नखानं दंड खाजवत बसायची. एकदा म्हणाली, "हे बघ, मी आधी जाईन, हे ठरलेलं हाय. तू मला चांगलं गरम पान्यानं घाल. कोमटबिमट नको. कानामागून, बोटांच्या बेचक्यातून, सगळं नीट काढ. जनमभर खाजायलंय मला. कबरीत तरी खाजवायला लावू नको, तिथं हात हलत न्हाईत."

मी म्हटलं, "वा! आणि मी आधी गेले तर?"

"तर मी घालीन. पन तू जानार न्हाईस. मास्तरीन लोक लय जगतात, पेन्शन खायला."

असं आमचं ठरलं होतं.

आता आमच्या सदरसाहेबांबद्दल लिहायला पाहिजे, आणि तिथं माझा हात अडतो. सदर म्हणजे कमिटीचा अध्यक्ष. हा माझाच विद्यार्थी. पाढे पाठ नसायचे, पण कुणाला लागलं, पडलं, की आधी धावणार हाच. कोरोनात त्यानं जे केलं, ते या डोळ्यांनी बघितलंय. पोटची पोरं लांब उभी राहायची आणि हा न् ह्याच्यासोबतचे चार कार्यकर्ते ते प्लॅस्टिकचे कपडे घालून मय्यत उचलायचे. आपली बघितली नाही, परकी बघितली नाही. हिंदूंच्या कितीतरी लोकांना ह्यांनी स्मशानात नेलं आणि जमेल तसं विधीप्रमाणं केलं. घरी जायची सोय नव्हती, म्हणून मशिदीच्या मागच्या खोलीत झोपायचा. त्याची आई खिडकीतून भाकरी द्यायची. त्यानंतर गावानं त्याला सदर केलं, तर चुकलं काय? मीच सगळ्यांच्या आधी हो म्हटलं होतं.

पण त्या दिवसांत एक सवय लागली. दवाखान्यातून मय्यत पिशवीत बांधूनच यायची, उघडायची नाही असा हुकूम. मग न्हाऊ घालायचं कसं? मौलानांनी इजाजत दिली होती की तयम्मुम करा. पाणी वापरता येत नसेल तेव्हाची ही सोय. कोरड्या मातीवर हात टेकवायचे आणि तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. तेव्हा तेही त्या पिशवीवरूनच. बायकांनाही तसंच. आपा घरात कोंडलेल्या जनावरासारखी फिरायची. "पान्यावाचून पाठवायलेत गं," म्हणायची. "एकेकीला पान्यावाचून."

आजार गेला, कमिटी मोठी झाली. ॲम्ब्युलन्स आली. कुठल्याशा दानशूर माणसानं पैसे दिले आणि गुसलखाना बांधायचं ठरलं, मय्यत न्हाऊ घालायची पक्की खोली. फरशी, नळ, गरम पाण्याची टाकी, दारावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी. सगळं छान. पण बांधला कुठं? कब्रस्तानाच्या भिंतीच्या आत! आणि आमच्याकडं बाईनं कब्रस्तानात पाऊल टाकायचा रिवाज नाही. माझा नवरा तिथं आहे, मी त्याला भिंतीवरून बघते. हे सगळ्या गावाला ठाऊक, कमिटीतल्या प्रत्येकाला ठाऊक, आणि तरी बैठकीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. बैठकीत बाई असती तर आलं असतं. आम्हाला कोण बोलावतंय!

उद्‌घाटनाला आम्ही बायका रस्त्याच्या पलीकडं उभ्या. सदर हसत हसत आला. "टीचर, आता तुमचा तरास गेला. बायकांची बी सोय तिथंच."

आपा म्हणाली, "आमी आत कसं येनार रे?"

"मय्यत तर येईल ना, खाला. मेलेल्या बाईला कुठं बंदी हाय?"

"आन् तिला न्हाऊ कोन घालनार? फरिश्ते का?"

लोक हसले. तोही हसला आणि म्हणाला, "बघू, काढू काहीतरी रस्ता." तो रस्ता कधी निघाला नाही. उलट आमचा तख्ता तिथं नेऊन ठेवला, सामान एका जागी पाहिजे म्हणून. बाईची मय्यत झाली की तो हातगाड्यावर घालून आमच्याकडं पाठवायचा. सुरुवातीला लगेच यायचा. मग उशिरा यायला लागला. मग कार्यकर्ते कुरकुरायला लागले, एवढी खोली असताना हे काय नाटक. एका घरी तर आम्ही दार उचकटून त्यावर घातलं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

मग आपाची छाती भरली. मुलानं तिला परभणीला दवाखान्यात नेलं. मुलगा ट्रक चालवतो, साधा, कुणासमोर तोंड न उघडणारा. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या नाकात नळी होती आणि ती नळी गालावर चिकटपट्टीनं डकवलेली. बोलता येत नव्हतं. तिनं बोटानं आपला कान दाखवला. मी म्हटलं, "हो गं बाई, लक्षात आहे. कानामागून. पण तू आधी घरी ये." तिनं मान हलवली.

उन्हाळ्याचे दिवस. सकाळी मुलाचा फोन आला, "टीचर, अम्मा गई." मी रडत बसले नाही. रडायला नंतर आयुष्य पडलेलं असतं. नेहमीच्या बायकांना हाका मारल्या, बोरीचा पाला तोडून आणला, आपाच्या खोलीपुढं तीन दगडांची चूल मांडली आणि हंडा चढवला. कफनाचे तुकडे मी स्वतः कापले. सरकी काढलेला कापूस होता, तिनंच निवडून ठेवलेला, दुसऱ्यांसाठी. कमिटीच्या कार्यकर्त्याला तख्त्याचा निरोप दिला. "बघतो," म्हणाला. मशिदीतून पुकारा झाला, जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजनंतर जनाजा. म्हणजे वेळ होता. पाणी उकळलं. मी जाळ कमी केला आणि वाट बघत बसले. कोमट होऊ द्यायचं नव्हतं ना.

जोहरची अजान झाली. ॲम्ब्युलन्सचा पत्ता नाही. मुलाचा फोन लागेना. शेवटी सदरला लावला.

"टीचर, मय्यत तयार हाय," तो म्हणाला. "बायकांना शेवटचा दीदार करायचा तर गेटपाशी या. लवकर."

"तयार म्हणजे? न्हाऊ कोणी घातलं?"

"दवाखान्यातून बांधून आलती. ऊन लय हाय, म्हणून गाडी डायरेक्ट गुसलखान्यात घेतली. मौलानांना फोन केला. म्हटलं, इथं बायकांना आत येता येत न्हाई. ते म्हनले, न्हाऊ घालायला बाईच नसंल तर सग्या मुलानं तयम्मुम करावा. इजाजतीनं केलंय, टीचर."

माझ्या हातात पळी होती. मी ती हंड्यातच सोडली आणि निघाले. बायका मागं मागं. ते अंतर काही फार नाही, दोन गल्ल्या आणि एक रस्ता. भर उन्हात डोक्यावरचा पदर सावरत गेटपाशी पोचले आणि ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांसमोर ओरडले, "पाणी तयार आहे! आणा तिला घरी! बायका आहेत, आम्ही आहोत!"

मुलगा भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या तळव्यांना अजून माती होती. सदर माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "टीचर, जनाज्याच्या नमाजला रांगा, सफा लागल्यात. लोक उन्हात उभे हायेत. आता उघडून परत न्यायचं, मय्यतीची बेइज्जती होईल."

बेइज्जती! हा शब्द त्यानं माझ्यापुढं वापरला. गावातल्या किती बायकांची इज्जत ज्या बाईनं चादरीआड सांभाळली, तिच्याबद्दल.

जनाजा गेटपर्यंत आणला. तोंडावरचं कफन बाजूला केलं. तिच्या गालावर ती दवाखान्याची चिकटपट्टी तशीच होती. नळी कापून टाकलेली, पट्टी राहिलेली. अशा पट्ट्या आपा तेलाचं बोट लावून, फुंकर घालत काढायची, गेलेल्या बाईला दुखू नये म्हणून. भुवईवर कापसाचा एक तंतू होता. मी नखानं पट्टी काढायला लागले. माझ्याजवळ तेल नव्हतं. एक कोपरा सुटला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "चलो, उठाव," आणि ती माझ्या बोटाखालून वर उचलली गेली. पट्टीचा सुटलेला कोपरा गालावर उभाच राहिला. मी आत जाऊ शकले असते. गेटला कुलूप नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. पण पाय उचललाच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज पायात असा बसलेला असतो.

घरी आलो तेव्हा हंड्यातलं पाणी अजून गरम होतं. ते कुणी ओतून दिलं, मला माहीत नाही.

काही दिवसांनी सदर माझ्या ओट्यावर येऊन बसला. बैल गेला आणि झोपा केला. मी चहासुद्धा विचारला नाही. म्हटलं, "मौलानांना तू एवढं का नाही सांगितलंस, की बायका दोन गल्ल्यांपलीकडं पाणी तापवून बसल्यात? त्यांनी नाही म्हटलं असतं का? त्यांनीच तुला धाडलं असतं तिला घेऊन."

"सुचलंच न्हाई, टीचर," म्हणाला. "कोरोनात असंच करायचो ना. हाताला तेच वळन पडलंय."

खोटं बोलला असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. तो खरं बोलत होता, आणि त्या खऱ्याचं मी काय करू? तो वाईट असता तर बरं झालं असतं.

कमिटीचं चांगलं चाललंय. नवी गाडी आलीय, रमजानमध्ये घरोघर राशन जातं, लोक दुवा देतात. बायकांचं मात्र मोडलं. आमच्यातली एक लेकीकडं गेली, एकीचं येणं नवऱ्यानं बंद केलं, बाकीच्यांना आता बोलावणं येत नाही. कुणी परभणीहून बायका आणवतात. कुणी फोनवर इजाजत मागतात, आणि आता सगळ्यांनाच ठाऊक झालंय की प्रश्न कसा विचारला की इजाजत मिळते. मी रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, आता पूर्ण वेळ हेच करू, दोन-चार पोरींना शिकवू. एकही आली नाही.

परवा सुनेला जवळ बसवलं. म्हटलं, "हे बघ बेटा, माझं झालं की कमिटीला आधी फोन करायचा नाही. आधी पाणी ठेवायचं. बोरीचा पाला कुठून आणायचा, ते तुला दाखवून ठेवते."

ती चांगली पोरगी आहे, माझं सगळं ऐकते. तिनं मान हलवली. मग भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "पानी मी ठेवीन, अम्मी. पन घालनार कोन? मला तर लय भ्या वाटतंय."

मी तिच्या हातातली भाजी घेतली आणि निवडायला लागले.