अर्ध्या दिवसाची रोजी

आमच्या मूल गावाहून निघालो तेव्हा शेजारपाजारचे लोक आमच्या बॅगा न्याहाळत होते आणि माझं लक्ष आमच्या ह्यांच्या पोटाकडे होतं. अमेरिकेतल्या आठ दिवसांच्या सहलीसाठी घेतलेले आठशे डॉलर त्यांनी कापडी पिशवीत घालून शर्टाच्या आतून कमरेला बांधले होते. तेही एक-पाच-दहाच्या सुट्ट्या नोटांत. एका रात्रीत माणसाला ढेरी सुटावी तसे ते दिसत होते.

विमानाची तिकिटं आमच्या मुलानं, अमोलनं काढली होती. हॉटेलांचे पैसेही त्याचेच. पण रोजचा खर्च आपला, असं ह्यांनी त्याला फोनवर बजावलं होतं. "खाणंपिणं, फिरणं, तिकिटं, सारं माह्याकडून. पोराच्या डोक्यावर बसाले नाई येऊन राह्यलो." ह्यांनी तीस वर्षं राईस मिलमध्ये दिवाणजी म्हणून काम केलं. दर शनिवारी हमालांची रोजी (दिवसाची मजुरी) कागदाच्या पुड्यांत बांधून ज्याच्या त्याच्या हातात द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. डॉलरच्याही त्यांनी तशाच आठ पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर वार लिहिला. एक पुडी शंभराची. शंभर डॉलर म्हणजे साडेतीन क्विंटल धान, हे नागपूरचा विमानतळ येईपर्यंत मला तीनदा ऐकवून झालं.

मला धानाचं काही पडलं नव्हतं. अमोलला पाहून चार वर्षं झाली होती. दर रविवारी तो फोन करतो, चांगलं बोलतो, पण फोनवर माणूस जेवला की नाही एवढंच विचारता येतं. या खेपेस तो म्हणाला होता, "आई, आठ दिवस सुट्टी घेतो. पूर्ण तुमच्यासंगं." ते आठ दिवस मी मनात कितीदा जगून घेतले होते, ते माझं मलाच ठाऊक.

विमानतळावर तो दिसला आणि मला रडू आलं. वाळला होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यानं बॅगा उचलल्या, पाया पडला, आणि गाडीत बसेपर्यंत दोनदा फोन पाहिला. त्याचं घर न्यू जर्सीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सून स्नेहा नागपूरची, बोलकी. वीस दिवसांच्या मुक्कामातले पहिले काही दिवस झोपेचं गणित बसवण्यात गेले. अमोल सकाळी कामाला बसायचा तो अंधार पडताना उठायचा, आणि तिकडे उन्हाळ्यात अंधार नऊला पडतो. मी म्हटलं, असू दे, सहलीचे आठ दिवस आहेतच.

सहलीला भल्या सकाळी निघालो. गाडी हमरस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "आई, थोडी गडबड झाली. कामाची तारीख अलीकडं आली. मी हॉटेलातून काम करतो, तुम्ही तिघं फिरा. सांजच्याला भेटूच."

"बरं," मी म्हटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेल्या बाईला चेहरा सांभाळता येतो. मी खिडकीबाहेर पाहू लागले. दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं होती, मैलोन् मैल, आणि त्यांत एक माणूस वाकलेला दिसला नाही. आमच्याकडे या दिवसांत रोवणा (धानाची लावणी) सुरू होतो, बांधीबांधीत (धानाच्या वाफ्यावाफ्यात) बायांची रांग असते. एवढी हिरवळ आणि माणूस नाही, हे मला काही बरं वाटलं नाही.

नायगाऱ्याचा धबधबा आम्ही तिघांनी पाहिला. तो कसा आहे हे लिहायला गेले तर पानं भरतील, आणि फोटो तर सगळ्यांनीच पाहिलेत. मला त्याचा आवाज लक्षात राहिला. तो आवाज मी आधी ऐकला होता. माझी पहिली नोकरी भामरागड तालुक्यातली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की आमचा जगाशी संबंध तुटायचा. अमोल तेव्हा दीड वर्षाचा, मूलला सासूबाईंजवळ. एका पावसाळ्यात मी अकरा आठवडे अडकले होते आणि रोज नदीकाठी जाऊन तो आवाज ऐकत होते. पाणी उतरल्यावर घरी पोचले तर पोरगं माझ्याकडे येईना, सासूबाईंच्या लुगड्यात तोंड लपवून बसलं. नोकरी सोडावी असं वाटलं होतं. सोडली नाही. त्यामुळे कामापायी दूर राहणाऱ्या माणसाला बोल लावायला माझं तोंड उघडत नाही.

"काय मास्तरीणबाई, भिजल्या का?" ह्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

दुपारी धबधब्याजवळच्या एका छोट्या हॉटेलात जेवलो. वाढायला साठीची एक बाई होती, मनगटाला पट्टा बांधलेला, पण हसून बोलत होती. आम्हाला तिखट लागतं म्हटल्यावर तिनं मिरचीच्या सॉसच्या तीन बाटल्या आणून मांडल्या. बिल बासष्ट डॉलर झालं. ह्यांनी पुडी उघडली, मोजून बासष्ट ठेवले आणि उठले. बाईनं पैसे पाहिले, तिचं हसू जरा कमी झालं, इतकंच.

बाहेर आल्यावर स्नेहानं सांगितलं, "बाबा, इथे टीप ठेवावी लागते. त्यांचा पगार नावापुरता असतो, खरी कमाई टिपेची."

हे जागच्या जागी थांबले. "म्हणजे मी त्या बाईची रोजी बुडवली?"

"तसं नाही, बाबा..."

"तसंच आहे." आणि ते मागे फिरले. आम्ही मागोमाग. आत जाऊन त्यांनी त्या बाईसमोर बारा डॉलर धरले आणि मिलमध्ये कधीकाळी शिकलेलं इंग्रजी काढलं, "सॉरी. माय मिस्टेक." ती बाई चकित झाली. मग छातीला हात लावून थँक्यू म्हणाली आणि ह्यांना दारापर्यंत सोडायला आली.

परत येताना ह्यांनी स्नेहाला सहज विचारलं, "आपल्या अमोलचं कसं आहे? त्याले तरी महिन्याचा पगार आहे ना?"

स्नेहा जरा घुटमळली. मग म्हणाली, "त्याचं तासावर आहे, बाबा. सुट्टी घेतली की तेवढा पगार गेला. गडबड झाली वगैरे खोटं नाही, पण त्यानं मागितली असती तर मिळाली असती सुट्टी. फेब्रुवारीपासून दोन महिने काम नव्हतं ना, तेव्हापासून तो घाबरून असतो. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

"दिवसाचे किती पडते त्याले?"

"चारशे डॉलर."

ह्यांनी शर्टावरून कमरेची पिशवी चाचपली. पोराकडे दोन महिने काम नव्हतं, आणि मी दर रविवारी त्याला जेवलास का म्हणून विचारत होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सहलीला उतरती कळा लागली. बोटीनं धबधब्याच्या पायथ्याशी जायचं होतं, तर हे म्हणाले, "मी इथूनच भिजलो." दोन तिकिटं काढून मला आणि स्नेहाला पाठवलं आणि स्वतः काठावर उभे राहिले. कॉफी घ्यायची नाही, सहा डॉलरला पडते. हॉटेलातल्या सकाळच्या फुकट नाश्त्याची उकडलेली अंडी रुमालात बांधून घ्यायची, दुपारी बाकावर बसून ती आणि मूलहून आणलेला चिवडा खायचा. स्नेहाही बिचारी तेच खायची. तिसऱ्या दिवशी धबधबा सोडून आम्ही तिथून काही तासांवरच्या एका लांबट तळ्याकाठच्या गावी गेलो, तिथेही तेच. म्युझियम बाहेरून पाहिलं. आइस्क्रीम एकात तिघं.

पाचव्या दिवशी मी चिडलेच. "एवढं साडेतीन क्विंटल धान रोज कुठी चाललं तुमचं? की अमेरिकेत येऊन उपासच करायचे आहेत?"

हे बाकावर बसले. कमरेची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "दोनशे जमले. अर्ध्या दिवसाची रोजी झाली त्याची. पुऱ्या दिवसाचे जमत नाई, लय पाह्यलं करून."

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर हसू आलं. आमच्याकडची रीतच आहे ती. दुसरीकडे कामाला जाणाऱ्या माणसाला आपल्यासाठी बोलावलं आणि त्याचा दिवस बुडाला, तर त्याची रोजी भरून द्यायची. पण ती मजुरांची. पोटच्या पोराची रोजी भरून देणारा बाप मी तरी ऐकला नव्हता.

"अमोलले वाईट वाटन," मी म्हटलं.

"वाटू दे. मले का बरं वाटून राह्यलं?"

सहाव्या दिवशी सकाळी चहा घेताना ह्यांनी दोनशे डॉलर अमोलपुढे ठेवले. तो लॅपटॉप उघडायच्या बेतात होता.

"हे काय, बाबा?"

"तुही रोजी. अर्ध्या दिवसाची. आज दुपारवरी आमच्यासंगं राह्य."

अमोलचा चेहरा पडला. त्यानं स्नेहाकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "मी तुमचा हमाल हाव का, बाबा?"

"हमाल दर शनिवारी माह्यापुढं उभा राहे," हे म्हणाले. "तू चार वर्सं नाई राह्यला."

ह्यांचा आवाज कापत होता, आणि तो कापलेला मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. "तुह्या कामाले मी नावं नाई ठेवत. तुले भेव वाटते, तेई समजते. पण मी तुले बोलावून राह्यलो, तं तुहा दिवस फुकट काऊन खाऊ?"

अमोलनं नोटा त्यांच्याकडे सरकवल्या, ह्यांनी परत सरकवल्या. असं दोनदा झालं. शेवटी स्नेहानं त्या उचलून अमोलच्या शर्टाच्या खिशात घातल्या. "ठेव. बाबा ऐकणार नाहीत." अमोल माझ्याकडे पाहू लागला. मी खरं तेच सांगितलं, "मले तू पायजे रे. किती वाजेपर्यंत, ते तू सांग."

तो आत गेला. दार लावून इंग्रजीत बोलताना ऐकू आला. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा हातात लॅपटॉप नव्हता. "आज नाई येत म्हणून सांगतलं. पूर्ण दिवस."

"माह्याजवळ अर्ध्याचेच आहेत," हे म्हणाले.

"दुपारनंतरचा माह्याकडून," अमोल म्हणाला, आणि या प्रवासात पहिल्यांदा बापलेक एकदमच हसले.

स्नेहानं लगेच दिवसाची आखणी केली. आधी तळ्याकाठी, मग नावेतून फेरी, मग डोंगरातली घळ. तळ्याकाठी गवतावर मोठ्या झाडाखाली आम्ही चादर अंथरली. पाणी निळं, वारा गार. अमोल म्हणाला, "पाच मिनिटं पडतो, मग जाऊ." आणि तो झोपला.

अर्धा तास झाला, तास झाला. स्नेहा उठवायला निघाली तर ह्यांनी हातानंच अडवलं. "झोपू दे. त्याचाच दिवस आहे." नाव गेली, घळ गेली. स्नेहा आणि हे खाली पाण्याकडे गेले. मी उशाशी बसून राहिले. त्याच्या कानामागे चार केस पांढरे झालेत. तोंड किंचित उघडं ठेवून झोपायची सवय अजून तशीच आहे. त्याच्या अंगावर मुंग्या चढत होत्या, त्या मी झटकत होते. भामरागडच्या त्या पावसाळ्यात तो असाच सासूबाईंच्या कुशीत झोपत होता आणि मी पाण्याच्या पलीकडे होते. तेव्हाची झोप मला पाहायला मिळाली नव्हती. मी पोटभर पाहून घेतलं. असं पाहण्यासाठीच मी जीव टाकत होते हे मला तिथे बसल्यावर कळलं.

तो उठला तेव्हा चार वाजले होते. दचकून बसला. "काऊन उठवलं नाई मले? सारा दिवस गेला तुमचा."

"चांगला गेला," हे म्हणाले.

मग त्यानं आम्हाला पोटभर जेवायला घातलं, आणि ह्यांनी पुडीकडे हात नेला नाही. उजेड नऊपर्यंत होता. फेब्रुवारीतलं सगळं त्यानं स्वतःहून सांगितलं. नोकरी गेल्याचं आईबापाला सांगायची लाज वाटली होती म्हणाला. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. सातव्या दिवशी सकाळी अमोल पुन्हा लॅपटॉप उघडून बसला. आम्ही त्याच्या टेबलाशी चहा ठेवून बाहेर पडलो.

निरोपाच्या वेळी विमानतळावर काचेपलीकडून तो हात हलवत होता. मी मागे वळून पाहत राहिले आणि रांगेतल्या लोकांचा खोळंबा झाला.

नागपूरहून मूलच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या होत्या आणि त्यांत बाया वाकलेल्या होत्या. मला एकदम घर आल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या शेतावर गेलो. दरवर्षी आमच्याकडे रोवण्याला येणारी शेवंता चिखलात उभी होती. तिचा मुलगाही मिरची तोडायला तेलंगणात जातो आणि महिनोन् महिने येत नाही.

"आल्या का बाई?" तिनं विचारलं. "पोराजवळ किती दिस राह्यल्या?"

"एक दिवस," मी म्हटलं.

तिनं कंबर सरळ करून माझ्याकडे नीट पाहिलं. "एक तं एक," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

आमचे हे तिथेच बांधावर उभे होते. तिकिटावर वीस दिवस होते, आणि माझ्या हिशेबातली चूक दाखवायची संधी त्यांनी लग्नापासून कधी सोडलेली नाही. त्यांनी ऐकलं, पण काही दुरुस्त केलं नाही.