लाकूड, सिमेंट आणि काकूंचे पाय

टाइल्सच्या धंद्यात दोन वस्तू नको म्हटलं तरी साचतात. एक म्हणजे कापून उरलेले तुकडे, आणि दुसरे किस्से. तुकडे मी दर दिवाळीला ट्रॉलीत भरून भरावाला टाकून येतो. किस्से मात्र फुकट दिले तरी कोणी घरी नेत नाही, इथंच पुन्हा पुन्हा ऐकतात! शहापूरला हायवेवर माझं दुकान, समोर चहाची टपरी. संध्याकाळी तिथं मंडळी जमली की मी दरवेळी काहीतरी नवं काढायला जातो आणि कोणीतरी मध्येच म्हणतं, "ते राहू दे बे, आंधळगावच्या गरम फरशीचं सांग!"

आता हा काही एक किस्सा नाही. एकाच घरातले पाच-सहा आहेत. पण आधी घर सांगतो.

आंधळगावचे वसंतराव हातमागाच्या कापडाचे जुने व्यापारी. खाली दुकान, वर राहणं. वरचा हॉल दोन जातींचा. पुढचा अर्धा सागाच्या पाट्यांचा, म्हणजे फळ्यांचा, मागचा अर्धा नंतर वाढवलेला, सिमेंटच्या स्लॅबचा. त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, सांधेवात. थंडी पडली की जमिनीला पाय लावताच कळ थेट डोक्यात. त्यामुळे तीन हिवाळे बाई दिवाळीपासून होळीपर्यंत पलंगावर! मोजे आणले तर फेकून दिले. "मी काय बर्फात राहून राहिली?" चालणं सुटलं तसे गुडघे आखडत गेले. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, येत्या थंडीत चालल्या तर चालल्या, नाहीतर पुढं कठीण आहे.

बर्फात राहत होता तो त्यांचा मुलगा नितीन. तिकडं परदेशात म्हणे घरोघरी फरशीखाली तापणारी वायर असते. त्यानं ती वायर, तिचं बटण, खाली अंथरायची प्लास्टिकची चादर आणि कागदावर सगळा नकाशा धाडून दिला. काम माझ्याकडं आलं. टाइल बसवायला शालिक मिस्तरी, विजेला दामोधरमामा. दोघंही माझ्यासोबत वीस वर्षं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हाही आमची तिघांची टीम फुटली नव्हती.

*

काम निघालं मे महिन्यात! पावसाळ्याआधी आटपायचं होतं, दुसरा इलाज नव्हता. बाहेर असं ऊन की टिनाच्या शेडखाली कुत्रंही बसत नव्हतं. त्यात आम्ही तिघं घामानं निथळत घरात फरशी गरम करायचं सामान चढवत होतो.

गावात बातमी पसरली. समोरचे एक म्हातारे विणकर काठी टेकत आले, सगळा जिना चढले, वायरीचं बंडल पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि वसंतरावांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वसंता, घरात सगळे बरे आहेत ना?"

*

शालिकचा एक नेम आहे. कामाच्या पहिल्या दिवशी नारळ फोडल्याशिवाय तो थापीला हात लावत नाही, आणि नारळ फोडायचा तो त्याच जमिनीवर, जिथं काम आहे. हॉलच्या मधोमध अगरबत्ती लावली, नमस्कार केला आणि सागाच्या पाटीवर नारळ हाणला. नारळ टप्पकन उसळला आणि वसंतरावांच्या मांडीत जाऊन बसला!

पुन्हा हाणला, पुन्हा उसळला. शालिकचा चेहरा उतरला. "भाऊ, देवाच्या मनात नाही वाटते."

देवाचा काही संबंध नव्हता, पाट्या झोका खात होत्या. अशा जमिनीवर टाइल लावली तर आठ दिवसांत चिरा. मग आम्ही दोन दिवस पाट्या काढून खालच्या दांड्यांना आडव्या पट्ट्या दिल्या, पाट्या परत बसवून बोटाबोटावर स्क्रू मारले, त्यावर सिमेंटचे बोर्ड बसवले. शालिकनं पुन्हा नारळ आणला. एका झटक्यात दोन तुकडे!

तेव्हापासून हा माणूस लाकडी जमीन दिसली की आधी नारळ आपटून पाहतो. नितीननं फोनवर लवचीकता मोजायचं काहीतरी सूत्र सांगायला घेतलं होतं, तर शालिक म्हणाला, "ते तुमच्या तिकडं नारळ भेटत नसन म्हणून."

*

आमच्या मिस्तरी लोकांच्या हाडात एक गोष्ट मुरलेली आहे, तराई. सिमेंट दिसलं की पाणी मारायचं. वायर अंथरून झाली, तिच्यावर पातळ मसाल्याचा थर ओतला. या मसाल्याला पाणी चालत नाही असं मी शालिकला सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं, जेवताना सांगितलं. त्यानं तिन्ही वेळा "हाव ना भाऊ" म्हटलं. आणि मी सामानासाठी तुमसरला गेलो तसा सवयीनं दोन बादल्या पाणी मोकळं केलं!

लाकडाची जमीन, पाणी कशाला थांबतं? खाली दुकानात वसंतराव लग्नाच्या गिऱ्हाइकाला कोशाचं रेशमी लुगडं उलगडून दाखवत होते. वरून टप, टप, टप, थेट पदरावर. नवरीची आई घाबरून म्हणाली, "बाप्पा! रंग गेला तं?"

वसंतरावांनी वर पाहिलंसुद्धा नाही. लुगडं आणखी धारेखाली धरलं. "हेच तं दाखवून राहिलो बाई. तुमच्यासमोर धुतो, मंग नेजा!"

त्या मावशींनी एकाच्या जागी चार नेली. वसंतराव वर आले ते शालिकला रागवायला नाही, उद्या किती वाजता पाणी मारतो ते विचारायला.

*

टाइल बसवताना खालची वायर कापली गेली तर सगळं पाण्यात. म्हणून दामोधरमामांनी वायरीला तपासणीचं मीटर जोडून ठेवलं होतं. वायर तुटली की मीटर ओरडणार. शालिक एवढा धसकला होता की लोखंडी थापी सोडून प्लास्टिकच्या पट्टीनं मसाला ओढत होता. तीन दिवस मीटर गप्प. चौथ्या दिवशी दुपारी, टीं टीं टीं!

शालिकनं हातातली पट्टी टाकली आणि तो बोलायलाच लागला. "भाऊ, चूक माझीच. कोपऱ्यात पट्टी लागली असन. अन् परवा मीच तुमचा लेव्हल पाडला होता, सांगतलं नाही. अन् मोहाडीच्या कामावर ती टाइल उलटी लागली होती ना, ते बी मीच केलं, मामाचं नाव सांगतलं."

मामा तोवर मीटर उघडून पाहत होते. म्हणाले, "बॅटरी उतरली गा. दुसरी टाक." मग शालिककडं वळले. "तू बोल ना, थांबला काहून? मोहाडीचं काय म्हणत होता?"

*

महिनाभर फरशी सुकू दिली. मग आली टेस्टिंग. जूनचा मधला आठवडा, पावसाचा पत्ता नाही. मामांनी बटण दाबलं, काहीच होईना! वायर बरोबर, कनेक्शन बरोबर, दिवा लागतो, फरशी काही तापायचं नाव घेत नाही. वसंतरावांचा जीव खालीवर. पलंगावरून काकू म्हणाल्या, "मी म्हणत होती ना, हे आपल्या इकडं चालाचं नाही."

शेवटी नितीनला फोन लावला. त्यानं विचारलं, "बटणावर आकडा किती दिसतो?" मामा म्हणाले, "अडतीस." नितीन तिकडं हसायला लागला. मग म्हणाला, "मामा, मी सत्तावीसवर लावून पाठवलं होतं. तुमची फरशी आधीच अडतीस आहे, ती कशाला चालू होईल?"

आता थंडीपर्यंत थांबायचं कसं? खराबी असेल तर ऐन हिवाळ्यात समजणार, आणि काकूंकडं वाया घालवायला दुसरा हिवाळा नव्हता. मामांनी डोकं चालवलं. कुल्फीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, पॉलिथिनमध्ये गुंडाळून नेमकी त्या जागी ठेवली जिथं खाली तापमान मोजणारा सेन्सर होता. आकडा उतरत गेला आणि टक्कन बटण चालू! फरशी गरम होते हे पाहायला आम्ही आधी बर्फ लावला, आणि ती गरम झाली म्हणून भर उकाड्यात पेढे वाटले.

*

मग पावसाळा. श्रावणात वसंतरावांचा फोन आला. "चीर गेली." मी गेलो तर जिथं लाकूड संपतं आणि सिमेंट सुरू होतं, नेमकी त्याच ओळीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ चीर. मी सांगितलं होतं, मध्ये बोटभर फट सोडा आणि तिच्यात रबरासारखा मसाला भरा. मी गेल्यावर या दोघांनी संगनमत करून ती सिमेंटनं बुजवली होती! वसंतरावांना हॉलच्या मधोमध फट नको होती, आणि शालिकनं आयुष्यात कधी फट सोडली नव्हती.

शालिक आला, चिरेजवळ उकिडवा बसला. चिरेवरून बोट फिरवत राहिला. माझ्याच्यानं त्याच्यावर ओरडवेना. दोन दिवस बसून त्यानं ती सगळी ओळ ब्लेडनं खरवडून काढली, तडकलेल्या टाइल्स बदलल्या आणि वसंतरावांना म्हणाला, "काकाजी, लाकूड पाण्यापावसात फुगते, सिमेंट हालत नाही. दोघाईच्या मधात जागा ठेवाच लागते."

वसंतराव चष्मा पुसत म्हणाले, "ठेव बाबा. गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो, अर्धे सोयरे तिकडं गेले म्हणून. आता पाहुणे पहिल्यापेक्षा जास्त येऊन राहिले."

*

आणि मग थंडी आली. फरशी चालू केली. कोमट, सुंदर! वसंतराव दुपारी तिच्यावर आडवे होऊन कंबर शेकू लागले. शेजारची मांजर राहायलाच आली. मामा 'लाइन पाहून जातो' म्हणून यायचे आणि तासभर घोरून जायचे. फक्त जिच्यासाठी केली ती बाई पलंगावरच!

"खाली करंट आहे. मले नाही मराचं."

शालिक गेला आणि फरशीवर पालथा झोपून दाखवलं. काकू म्हणाल्या, "तुले काय होते? तुले सवय आहे." नितीन रोज फोन करायचा. "आई उतरली का?" "नाही." पंधरा दिवस हेच. मला रात्री झोप लागेना. वाटायचं, आपण एवढं सगळं केलं ते मांजरीसाठी केलं. गुडघे काही वाट पाहणार नव्हते.

पौषात आभाळ आलं. चार दिवस उन्हाची तिरीप नाही. पाचव्या दिवशी सकाळी वसंतरावांचा फोन. "लवकर ये. शालिकलेही आण." आणि कट! मला वाटलं, पुन्हा चीर. शालिकला वाटलं, शॉर्ट. मोटरसायकल काढली आणि दोघंही निघालो.

वसंतराव जिन्यात उभे, चपला हातात, मोबाइल कानाशी. "आत जाता येत नाही," एवढंच म्हणाले.

दारातून पाहिलं. अख्ख्या हॉलभर जुनी धोतरं अंथरलेली आणि त्यांच्यावर मूगवड्या. हजारो! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लाकडावर, सिमेंटवर, सगळीकडं. मधून वीतभर वाट सोडलेली आणि त्या वाटेनं सुमनकाकू अनवाणी फिरत होत्या. वाकत होत्या, वड्या उलटत होत्या, पुढं सरकत होत्या. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, परत या कोपऱ्यात. ऊन नाही म्हणून वसंतराव दोन-तीन दिवसांपासून वड्या या फरशीवर वाळवत होते, पण फार दाटीनं घालत होते म्हणे, ते काकूंना पलंगावरून बघवलं नव्हतं.

शालिक माझ्या मागं डोळे पुसत होता. माझंही काही वेगळं नव्हतं. वसंतरावांनी मोबाइलचा कॅमेरा आत फिरवला. पडद्यावर नितीन. त्यानं विचारलं, "आई, पाय कसे आहेत?"

काकूंनी मानही वर केली नाही.

"पायाचं काय घेऊन बसला! हा लाकडाचा भाग एका दिवसात वाळवते, सिमेंटवाला दोन दिवस लावते. तो शालिक आला असन तं त्याले सांग, हे अर्धंही लाकडाचं करून दे!"