मॉनिटरचे झबले

मावशी शिवणकाम करीत. परंतु तयार कपड्यांच्या दुकानात ज्यांच्या मापाचे काहीच मिळत नाही, अशांचेच. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक हात आखूड. अशी माणसे त्यांचा जिना संकोचाने चढत आणि उतरताना निराळ्याच डौलात उतरत. गल्लीत सगळेच त्यांना मावशी म्हणत. ज्याच्या त्या खरोखर मावशी होत्या, तो भाचा कचेरीतून परतताना रोज डोकावून जाई.

कामाची त्यांची एक पद्धत होती. कंबर, लांबी, घेर ही मापे त्या टेपने थेट कापडावर उतरवीत. गळा, खांदा आणि बाही जोडायचा मुंडा हे अवघड भाग मात्र संगणकावर रेखून, पडद्यावर खऱ्या आकारात आणून, मॉनिटरच्या काचेवर पातळ कागद ठेवून गिरवून घेत. मॉनिटर जुना, पेटीसारखा, सपाट आणि जाड काचेचा. पेन्सिल कितीही दाबली तरी काच हूं की चूं करीत नसे. या सेवेबद्दल मावशींनी त्याला अस्तर लावलेले कव्हर शिवले होते. पडदा तेवढा उघडा. पाठ, कुशी, डोके सारे झाकलेले. भाचा त्याला झबले म्हणे.

एके सकाळी एका तरुण ग्रंथपाल मुलीच्या कोटाचा खांदा दुसऱ्यांदा रेखायला घेतला असताना मॉनिटरने बारीक शीळ घातली आणि डोळे मिटले. वेळ मोठी वाईट होती. पाठीला बाक आणि एक खांदा उतरलेला असलेल्या या मुलीला सोमवारी नव्या ग्रंथालयात रुजू व्हायचे होते, आणि पहिला कोट खांद्यात असा आवळला होता की वरच्या फळीवरचे पुस्तक काढायला तिचा हातच वर जाईना. मावशींनी उलट तिलाच सुनावले होते, "खांदे भरलेत तुझे. अलीकडे सगळ्यांचेच भरलेत. काय खाता कोण जाणे!" मुलगी मान खाली घालून निघून गेली होती.

"टाकून दे आता," संध्याकाळी आलेला भाचा म्हणाला. "याची सद्दी संपली."

"असं कसं टाकून देऊ? कधी एका शब्दाने कुरकुरला नाही."

"मेल्या म्हशीला मणभर दूध! माझा नवा आणून देतो, वापरून तर बघ."

मावशींनी न्यायबुद्धीने नवाही पाहिला. चित्र सुरेख, पडदा ऐसपैस. परंतु कागद ठेवून पेन्सिल टेकवली मात्र, डबक्यात खडा पडावा तशी त्यावर वलये उठली आणि रेघ भरकटली.

"मग प्रिंट काढ."

"पानाला पान चिकटवून? उतरलेल्या खांद्याला आणखी एक सांधा नको. तुझा पडदा बघायला छान आहे रे, मला टेकायला लागतो. उचल ती पेटी."

"आणि दुरुस्त नाही झाला तर?"

"तर तुझा घेईन आणि तुझ्या नावानं रोज बोटं मोडीन. उचल."

पेटी झबल्यासकट दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर आली. माणूस फटकळ होता.

"मावशी, हे वाटेत धूळ लागू नये म्हणून घातलंय का?"

"छे हो, कायम अंगावर असतं. माझ्या हातचं आहे. सुई शिरायला जागा सापडणार नाही."

"वाऱ्यालाही सापडली नाही." त्याने मागचे झाकण काढून आतले फुगून फुटलेले नळकांड्यांसारखे भाग दाखवले. "गुदमरून गेलेत बिचारे. ते बदलता येतील, काच ठणठणीत आहे. शनिवारी घेऊन जा. पण हा एकाएकी गेलेला नाही. चित्र आधी दोन्ही बाजूंनी आत आत सरकत आलं असणार. लक्षात नाही आलं?"

मावशींच्या डोक्यात हिशेब जुळू लागला. चित्र आखडले, म्हणजे त्यावरून गिरवलेला खांदाही आखडला. टेपने कापलेली कंबर कुणालाच आवळली नव्हती. कमरा जागच्या जागी ठेवून सगळ्या गिऱ्हाइकांचे खांदे तेवढे भरावेत, हे त्यांना तेव्हाच खटकायला हवे होते.

भाचा हसू दाबत म्हणाला, "म्हणजे जाड कुणीच झालं नव्हतं!"

"हसून घे. आणि त्या मुलीला फोन लाव."

"काय सांगू?"

"तू काही सांगायचं नाहीस. मी बोलले होते, मीच सांगणार." फोन हाती येताच त्या म्हणाल्या, "बाळ, तुझे खांदे भरले नव्हते, माझा पडदा आखडला होता. उगाच बोलले तुला. रविवारी ये, कोट तयार असेल."

शनिवारी मॉनिटर घरी आला. मावशींनी झबल्याची पाठ स्वतःच्या हाताने कापून काढली आणि कडा नीट दुमडून शिवली. मग पडद्यावर एक चौकोन रेखला, टेप उभी आणि आडवी लावून पाहिली, आणि माप जुळल्यावरच कागद काचेवर ठेवला.

रविवारी मुलीने कोट चढवला. मावशींनी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरची दोऱ्याची पेटी दाखवली.

"काढ ती."

मुलीने हात उंचावला, पेटी काढली. कोट कुठेही ओढला गेला नाही.

"आता दुसऱ्या हातानं परत ठेव."

उतरलेल्या खांद्याचा तो हात जरा थबकला, मग सरळ वर गेला आणि पेटी जागेवर बसली. मुलगी हसली. मावशींनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि भाच्याकडे वळल्या.

"लाव फोन. आता बाकीच्यांना बोलवायचं."