परबांचा आवाज

"फोल्डर आहे, पण आत काहीच नाही," मेधा मॅडम म्हणाल्या. त्यांच्यामागे परब बसले होते. तोंड मिटलेलं, गळ्यावर जाळीचा रुमाल.

परळच्या या क्लिनिकमध्ये मेधा मॅडम स्पीच थेरपिस्ट आहेत. ज्यांचं स्वरयंत्र ऑपरेशनमध्ये काढावं लागणार, त्यांचा आवाज, घरातल्या रोजच्या वाक्यांसकट, त्या आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. मग मोबाइलवर टाइप केलं की तो फोन त्यांच्याच आवाजात बोलतो. परबांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. आवाज आता फक्त सर्व्हरवर होता. आणि त्या सर्व्हरचं लिनक्स आदल्याच दिवशी मी अपग्रेड केलं होतं. वर 'ऑल ओके' म्हणून कॉफीही पिऊन गेलो होतो.

"बॅकअप असेल ना, कर्णिक?"

होता. पण फार आज्ञाधारक. मूळ फोल्डर रिकामा दिसला, म्हणून त्याने कॉपीही रिकामी करून टाकली.

"व्हॉल्यूम गेलाय," मी पुटपुटलो.

"व्हॉल्यूम ह्येंचो पयल्यापासून मोठोच," माझ्या बाजूला बसलेल्या परबवहिनी म्हणाल्या. "अख्ख्या लालबागेत ऐकाक येय."

परब हसले. आवाज आला नाही. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा गेली.

आमच्या भाषेत व्हॉल्यूम म्हणजे डिस्कमध्ये पाडलेला कप्पा. एका खोलीत पार्टिशन घालून चार बिऱ्हाडं राहावीत तसा. मी कमांड दिली. कप्प्यांची नावं आली आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द, 'इनॅक्टिव्ह'. डिस्क भरलेली, नावं जागेवर, आत शिरायला दार नाही. मागे परबांचा श्वास. फुस्स. फुस्स. थेट माझ्या मानेवर आल्यासारखा. घरी मला टीव्हीचा रिमोट सापडत नाही, आणि इथे माणसाचा आवाज शोधायचा होता.

क्लिनिकचे मालक डॉक्टर डोकावले. "पेशंट खोळंबलेत. फॉरमॅट करून चालू करा ना."

"चालू होईल, सर. पण आतलं सगळं जाईल."

परबांनी माझी खुर्ची मागून घट्ट धरली. डॉक्टर दार ओढून घेऊन गेले.

मी वायर काढून पुन्हा घातली. मशीन बंद करून चालू केलं. शेवटी स्क्रीनवरची एरर वाचली, जी पहिल्यापासून तिथेच होती. कप्पा उघडण्याआधी तो तपासणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. अपग्रेडमध्ये नेमका तोच गळाला होता. तपासनीस नाही, म्हणून लिनक्स दार उघडत नव्हतं. तो प्रोग्राम टाकला, कप्पे चालू केले. फोल्डर भरला.

मी पहिली हाताला लागलेली फाइल वाजवली.

"गो, च्याय ठेवलंस?"

"ठेवतंय, ठेवतंय," म्हणत वहिनी स्पीकरकडे बघत अर्ध्या उठल्या.

"आयकलंस?" स्पीकर म्हणाला.

मी आणि मॅडमही स्पीकरकडेच बघत होतो. मागे खुर्चीवर टक टक झालं, तेव्हा तिघांनी वळून पाहिलं. परब बोटाने खुर्ची वाजवत होते. तोंड मिटलेलं.

फाइल्स मिळाल्या, फोन बोलू लागला. वहिनींनी नवऱ्याला एकच अट घातली. "बोलाचा तर माझ्या म्होऱ्यात बसान बोलाचा. पाठसून हाक मारू नको."

मी तेव्हापासून अपग्रेडनंतर एक तरी फाइल वाजवून बघतो. आणि वाजवण्याआधी खोलीत कोण बसलंय, तेही.