कुरुंद्याचं लग्न आणि सेन्सरवर बसलेली हळद

मावसबहिणीचं लग्न कुरुंद्याला आणि फोटो मी काढायचे असं ठरलं, तेव्हा कॅमेऱ्याचाच प्रश्न आला. माझा जुना कॅमेरा बंद पडलेला, त्याच्या दोन लेन्स मात्र ठणठणीत. नवा मिररलेस घ्यायचा तर फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला फुलफ्रेम की लहान सेन्सरचा, आणि जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याच्या माउंटवर, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्यावर, चालतील का, हे काही केल्या ठरेना. मैत्रीण मीनल म्हणाली, "माझा फुलफ्रेम घेऊन जा, तुझ्या लेन्स जोडायला अडॅप्टरही देते. वापर, मग ठरव."

नांदेडहून एसटीने वसमत, तिथून वाटून घेतलेली रिक्षा. रस्ता बरा आहे, पण हळदीच्या हंगामात ट्रॅक्टरमागे रांगत जावं लागतं. वसमतच्या स्टँडबाहेर गरम भजी मिळतात. मी खाल्ली नाहीत. दुसरीचा कॅमेरा मांडीवरून खाली ठेवायचा धीर होत नव्हता.

दुपारी मावशीच्या शेतात गेले. गडी वाळलेली हळद फिरत्या लोखंडी ढोलात घालून घासत होते. लांबचा फोटो हवा म्हणून मी लेन्स बदलायला काढली. मिररलेसमध्ये आरसा नसतो. लेन्स निघाली की सेन्सर उघडाच. तेवढ्यात वारा फिरला आणि पिवळी धूळ सरळ अंगावर आली.

आभाळाचा फोटो काढून पाहिला, तर ठिपकेच ठिपके. हवेच्या पंपाने काही उडाले, बाकीचे चिकटून राहिले. कापड लावायला हात होईना. ओरखडा पडला तर मीनलला काय सांगू? आणि आमच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. एकेक डाग उठून दिसणार.

"जेवून काहून न्हाई राहिली?" मावशीने विचारलं. मी सगळं सांगितलं आणि दुसरा फोटोवाला बघायला म्हटलं.

"आता ऐन वक्ताला कोन येतंय? तूच काढ. जसे येतील तसे."

कॅमेऱ्याशी खेळताना कळलं, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडं ठेवलं तर ठिपके विरघळून जातात. पण मग नेमकं एकाच अंतरावरचं स्पष्ट येतं. लग्नाच्या दिवशी विहारात वंदना झाली, हार घातले गेले. तेवढे फोटो निभावले. अडॅप्टर मधेच अडेल या धास्तीने प्रत्येक फोटो दोनदा काढला. शेवटी घरच्यांचा फोटो आला. दोन-तीन रांगा केल्या, तर मागचे धूसर होणार होते.

"मावशी, सगळ्यांना एकाच ओळीत उभं राहावं लागेल."

"मागं कोनीच न्हाई?"

"कोणीच नाही."

मावशीने व्याह्यांना हाताने सरकवलं. मंडपाच्या खांबाला टेकलेल्या सखूबाईला, शेतात कामाला येणाऱ्या बाईला, हाक मारली. "मी काहून? पावन्यायचा फोटो हाय," ती म्हणाली. मावशीने तिला ओढतच ओळीच्या टोकाला उभं केलं. माझ्या वाइड लेन्समध्ये सगळे जेमतेम मावले. लहान सेन्सर असता तर दोन्ही टोकं कापली गेली असती.

घरी येऊन मीनलला खरं सांगितलं. तिने सेन्सर पुसला, दिव्याखाली बराच वेळ पाहत राहिली.

"ओरखडा नाही," ती म्हणाली.

मी फुलफ्रेमच घ्यायचं ठरवलंय, जुन्या लेन्स अडॅप्टरवर. भीती गेलेली नाही. लेन्स बदलताना अजून वाऱ्याकडे पाठ करते. मावशीला फोटोच्या प्रती पाठवल्या. तिचा फोन आला: "अजून एक पाठव. सखू तिच्या घरी लावायची म्हनते."