कोकरं पडद्यावर नव्हती

सिनेमाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारलं, बाई, आता या वयात हिरॉईन व्हायचंय का. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. कविता उलगडून सांगता येते तर सिनेमा का नाही, एवढाच माझा विचार. दर शनिवारी बेंबळीहून धाराशिवला वर्गाला जायचं, आणि शेवटी एका चित्रपटावर प्रकल्प नि तोंडी परीक्षा.

प्रकल्पाची माझी चाळीस पानं वर्गाच्या सरांनी परत केली. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ही गोष्ट झाली. सिनेमा कुठंय?' दुरुस्तीला पंधरा दिवस होते, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणजे शाळेत वर्षभर ऐकून घेणं आलं.

सरांचं बरोबर होतं. मी कथानक सांगितलं होतं. एक बाई लेकीला मामाकडं ठेवून लांब कामाला जाते आणि शेवटी परत येते, एवढीच गोष्ट. पण ती सांगितली कशी आहे, कॅमेरा कुठं उभा आहे, काय ऐकू येतं, यावर माझ्या चाळीस पानांत जेमतेम पाच-सहा ओळी. त्यातली एक अशी होती: 'मेंढ्यांच्या आवाजामुळे ग्रामीण वातावरण निर्माण होते.'

रविवारी दुपारी मी तोच प्रसंग दहाव्यांदा लावला. मुलगी कट्ट्यावर बसलेली, आई रस्त्यानं निघालेली, तिच्यामागं मेंढरांचा कळप. सासूबाई माझ्यामागं, लॅपटॉपकडं पाठ करून हरभरा निवडत होत्या. त्या सोनारीकडच्या, मेंढपाळ घरातल्या. गुडघे थकेपर्यंत सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मी त्यांना आत्या म्हणते.

"कोकरं कुठं कोंडल्यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कोकरं नाहीत आत्या, मोठी मेंढरं रस्त्यानं चाललीत.

"मेंढरं न्हायत वरडत ती. कोकरं हायत. आया चरायला गेल्यावर मागं ऱ्हायलेली." त्यांनी मान वळवली नाही. सुपातला खडा तेवढा बाजूला टाकला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. कोवळी कोकरं रानात नेत नाहीत, वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवतात. आया दिसेनाशा झाल्या की ती एका वेगळ्याच आवाजात ओरडतात. भुकेचं ओरडणं निराळं, भिजल्यावरचं निराळं.

मी प्रसंग मागं घेतला. पडद्यावर एकही कोकरू नव्हतं. कळप वळणावर बारीक होत गेला, गळ्यातल्या घंटा विरत गेल्या, पण कोकरांचा आवाज तसूभर कमी झाला नाही. तो कट्ट्यावर, मुलीजवळच थांबला होता. कॅमेराही तिथंच, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि मुलीचं तोंड मिटलेलं. सगळ्या सिनेमात ती एकदाही रडत नाही. मी लिहिलं होतं, 'बालकलाकाराचा अभिनय काहीसा कोरडा वाटतो.' कोरडा कसला? तिचं रडणं दिग्दर्शकानं कोकरांच्या तोंडी दिलं होतं. मी खुर्चीवरून उठले, परत बसले, परत पाहिलं.

"फुडं गप झाली का न्हाय ती?" आत्यांचा दुसरा प्रश्न.

मी शेवट लावला. संध्याकाळची वेळ, अंगणात तोच आवाज. आई येते, मुलगी तिचा पदर धरते, आणि आवाज एकदम बंद. बोलणं नाही, संगीत नाही. तो शेवट मी दोषांच्या यादीत टाकला होता: 'पार्श्वसंगीताचा अभाव जाणवतो.'

"गप व्हणारच," आत्या म्हणाल्या. "लुचाय लागल्यावर तोंड मोकळं ऱ्हातंय का?"

चाळीस पानं बाजूला ठेवली. चार दिवसांत अकरा नवी लिहिली. संदर्भसूचीत शेवटी आत्यांचं नाव घातलं, पुढं 'प्रत्यक्ष संवाद, रविवार दुपार.'

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, हा योगायोग असेल, हाताशी असेल तो आवाज लावला असेल. मी म्हटलं, मग कळप लांब गेल्यावर तो कमी का झाला नाही? आणि आई परत आल्यावर नेमका थांबला कसा? त्यांनी दोन्ही जागा लावून पाहिल्या. दुसऱ्यांदा पाहताना डोळे मिटले. मग सूचीवर बोट ठेवून विचारलं, या बाईंची पात्रता काय.

"पन्नास-साठ वर्षं मेंढरांमागं," मी सांगितलं.

सर खाली बघून हसले. मी पास झाले.

घरी येऊन आत्यांना सांगितलं, परीक्षा झाली, सिनेमाचा शेवट गोड आहे हे पटवून आले.

त्या म्हणाल्या, "गोड कसला? सकाळी आया परत चरायला जात्यात की."

मी चप्पलसुद्धा न काढता लॅपटॉप उघडला. शेवटच्या दृश्यात मुलीनं पदर धरलाय, आईचा हात तिच्या डोक्यावर आहे, आणि जाताना नेलेली पिशवी अजून आईच्या खांद्यालाच आहे. खाली ठेवलेलीच नाही. इतक्या वेळा पाहून मला ती दिसली नव्हती. सरांना फोन लावला, अकरा पानं परत द्या, अजून एक जोडायचंय. ते म्हणाले, अहो, गुण देऊन झालेत. मी म्हटलं, ते राहू द्या, पानं तेवढी द्या.