बोरीचा एक्स-रे अडकतो कुठं?

माझी लेक सई तीन वर्षांची झाली तरी बोलत नाही, या काळजीनं माझी झोप उडालेली. हाक मारली की वळते, हसते, पण उत्तर म्हणून फक्त "हं". त्यात माझी नोकरी अशी, की जे पोचत नाही तेच दिवसभर शोधायचं! परभणीतल्या आमच्या तीन टेबलांच्या ऑफिसात असे किस्से साचत जातात. घरी सांगायला जावं, तर नवरा म्हणतो, "जेवताना नको."

*

गावोगावच्या दवाखान्यांचे एक्स-रे परभणीच्या डॉक्टरांपर्यंत नेणारी लाइन आम्ही सांभाळतो. एकदा बोरीहून कंपाउंडरचा फोन आला, "म्याडम, फोटो जाईना."

मी पिंग केलं, म्हणजे लाइनीला एक छोटी हाक मारली. लगेच ओ आली. मी ठसक्यात म्हटलं, "लाइन चालू आहे!"

"लाइन आसंल हो चालू. फोटो जाईना!"

*

आमचे सलीमभाई तीनदा बोरीला जाऊन आले. केबल बदलली, लाइनीचा डबा बदलला. चौथ्यांदा म्हणाले, "म्याडम, आता फकत मीच बदलायचा राहिलो."

*

दोष निघाला कर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या सॉफ्टवेअरच्या पार गाभ्यात. फोटो तुकडे होऊन छोट्या-छोट्या पाकिटांतून जातो. आमचा टनेल, म्हणजे लाइनीतला खासगी बोगदा, प्रत्येक पाकिटावर आणखी एक लिफाफा चढवतो. छोटी हाक मावते, पण फुगलेलं पाकीट पुढच्या वाटेत मावत नाही. अशा वेळी "लहान पाठव" असा निरोप मागं जायला हवा. पण दोन लाइनी जोडणाऱ्या मधल्या ब्रिजला स्वतःचा पत्ताच नाही, निरोप धाडणार कुणाच्या नावानं? तो गप्प. बोरीचं मशीन तेच पाकीट पुन्हा पाठवतं. पुन्हा. पुन्हा.

आमचे सर म्हणाले, "बोरीच्या मशीनवर पाकिटाच्या मापाचा आकडा हातानं कमी करून टाक की."

"सर, ते ठिगळ झालं. मुळातून करते ना!"

मी कर्नलची दुरुस्ती लिहीत बसले.

*

त्याच आठवड्यात बोरीला चार वर्षांच्या एका मुलीचा एक्स-रे काढला. न्यूमोनिया. दोन तास पडद्यावर गोल फिरत राहिलं. शेवटी तिला जीपनं परभणीला आणलं. मुलगी गेली.

"सलीमभाई, फोटो वेळेवर आला असता तर?"

"डाक्टर म्हनले, तसाबी उशीर झालता."

डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात का, हे मी विचारलं नाही. आकडा हातानं कमी केला. दहा मिनिटं लागली. दहाच!

*

मुळातली दुरुस्ती पुढं महिन्यानं जमली. आता पाकीट ज्याच्याकडं जायचं, त्याच्याच नावानं कर्नल निरोप मागं धाडतो.

सर म्हणाले, "म्हणजे खोटी सही?"

"हो सर."

"चालतंय. कुनीतरी सांगू दे बाबा!"

आकडा पुन्हा होता तेवढा केला. बोरीहून कुणाचं तरी मोडलेलं मनगट सर्रकन आलं. कुणी टाळी वाजवली नाही.

*

त्या संध्याकाळी सईला भरवत होते. लक्ष बोरीत. घास पुढं केला, तिनं तोंड मिटलं. तोच घास पुन्हा. तोंड बंद. "खा ना गं!" तिसऱ्यांदा तोच.

तिनं माझं मनगट धरून बाजूला सारलं, घासाकडं बघितलं आणि म्हणाली,

"मोठा हाय. बारका दे."